रांजणावरची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. गंजले आहे, खिळ्यांची भोकं मोठी झाली आहेत, पण मान खाली घातलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मित्रांनो, माझा जन्म हिंगोलीच्या बाजारात झाला, सन एकोणीसशे चौतीसमध्ये. रूपसिंग रंगाऱ्याने माझ्यावर एकच इंग्रजी शब्द काढला, ‘प्रिझर्व्ह’. जतन करणे, राखणे असा त्याचा अर्थ. शिकारीचा शौक असलेल्या एका साहेबाने मला साखरा गावाजवळच्या माळावर पळसाला ठोकलं. एवढा मोठा शब्द अंगावर, मग काय, मी फुशारून गेले.

पण शब्द चांगला असून भागत नाही. साहेबाच्या तंबूत मुरंब्याच्या बरणीवरही हाच शब्द होता. मुरंबा राखायचा तो खाण्यासाठी आणि हरणं राखायची ती दर हिवाळ्यात मारण्यासाठी. माळाकडेला राहणाऱ्या सत्यभामाबाईच्या शेळ्यामेंढ्यांना मात्र तिथली गवताची काडीसुद्धा बंद. राखणीला हिरासिंग जमादार होता. तो पक्का अक्षरशत्रू, पण माझा अर्थ त्याला तोंडपाठ होता: हात लावायचा न्हाई. एकदा त्याने तिची दोन बकरी कोंडवाड्यात घातली. ती सोडवायला बाईने तीन दिवस खेटे घातले. मला माझीच लाज वाटली.

पुढे साहेबाची बदली झाली आणि एका वावटळीत मी खाली पडले. सत्यभामाबाईने मला घरी नेलं, बियाण्याच्या ज्वारीच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलं आणि शेणमातीने लिंपून टाकलं. आत ज्वारीला राख चोळलेली, वर निंबाचा पाला. लेकरं अर्धपोटी झोपली तरी या ज्वारीला तिने कधी हात लावला नव्हता. शब्दाचा खरा अर्थ मला त्या घरात कळला.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात लेव्हीचा, म्हणजे सरकारसाठी सक्तीने धान्य उचलणारा कारकून दारात आला. सोबत हिरासिंग होताच. खायची ज्वारी नेऊन झाली, तरी कारकुनाची नजर रांजणावर गेली. बी गेलं की पेरणी गेली आणि पेरणी गेली की घर बसलं. हिरासिंगने काठी माझ्याखाली सरकवली, तशी सत्यभामाबाई माझ्यावर येऊन बसली.

“जमादार, या पाटीचा अर्थ तुमीच सांगितला व्हता,” ती म्हणाली. “माझी बकरी कोंडली तवा त्यो खरा व्हता. मंग आज खोटा काहून?”

हिरासिंगने काठी काढून घेतली.

“साब, बियाणं हाय. माझ्यानं न्हाई व्हायचं.”

कारकुनाने चिडून बाईला उठवलं आणि मला उपटायला स्वतःच बोटं घातली. मित्रांनो, मी दयामाया दाखवली नाही. माझी गंजकी कडा त्याच्या तळहातात चांगली शिरली. पुन्हा येतो म्हणून तो हात झटकत निघून गेला. आलाही, पण तोवर बी जमिनीत पडून कोंभ वर आले होते.

अठ्ठेचाळीसमध्ये राज्य बदललं. दिवाळीच्या सुमारास फुलसिंग नावाचा नवा शिपाई आला. इंग्रजी पाटी आहे, नवा रंग देऊन चावडीवर लावू, शोभा येईल, असं तो म्हणाला.

“शोभंला दुसरी बघा,” सत्यभामाबाई म्हणाली. “ही कामावर हाय.”

म्हणून मित्रांनो, माझा गंज पुसत बसू नका. माझ्याखाली यंदाचं बी आहे. ते जपा.