पडद्याचा रंग

कपाच्या कानात आकडा, आकडा वरच्या पितळी पट्टीला – गाडी कितीही गचकली तरी कपानं पडू नये अशी सोय – आणि गाडी तर कित्येक वर्षं जागची हललेली नाही... पल्लवीनं कपाला बोट लावून पाहिलं. हलला नाही. इथं सगळंच असं जखडलेलं. ताटल्या खाचेत, टेबल बिजागरीनं भिंतीला, निजायच्या फळीला पट्टा, शेगडी तर स्क्रूंनी ओट्यात पक्की. घर चालणार म्हणजे घरातल्या कशानंच हलायचं नाही, असं काहीतरी असावं.

बाहेर, फिरत्या घरांच्या त्या संग्रहालयाच्या फरशीवर, तिचा नवरा अमृत आपल्या आईला समजावत होता.

"हितंच रांधायचं, हितंच निजायचं. वाटंल तिथं थांबायचं. हाय का न्हाई फर्स्ट क्लास?"

"आन मेंढरं रं?" धोंडुबाईनं विचारलं.

"मेंढरं कशाला आता, आई?"

"मग हिंडायचं तरी कशापायी?"

पल्लवीला हसू आलं आणि ओठांवर पोचायच्या आत विरलं. सासूचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. माणदेशातनं कोकणात, कोकणातनं माघारी, घोड्याच्या पाठीवर बाज, भांडी, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर बांधलेला एवढासा अमृत. मघाशी पहिल्या दालनात तसाच लादलेला प्लास्टरचा घोडा दिसला, तेव्हा म्हातारीनं त्याच्या गळ्याखाली सवयीनं खाजवलं होतं. पल्लवी लग्न होऊन आली तेव्हाच तिनं सांगितलेलं – तळ हलवायचा म्हणजे बाईनं चुलीचा एक दगड उलथा घालून निघावं, न्हाईतर जीव मागंच ऱ्हातो, बाई.

"पल्लवे, पडद्याचा रंग ठरव गं!" अमृतची हाक आली. "सांगलीला मिस्त्री वाट बघतोय. रंग सांगितला की काम सुरू."

रंग. म्हणजे होकारच की. असली गाडी करून घ्यायची का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पडदे मात्र तूच शिवायचेस, तुझ्याच हातचे, असं तो म्हणाला होता, आणि म्हणताना त्याचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा उजळला होता. लय राबलीस, आता तुला समदा मुलूख दाखवतो. गावातल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस. मिरजेला नर्सिंग शिकणारी लेक म्हणाली, आई, जा गं, आता तरी जा. आता तरी...

अमृत फौजेत होता तेव्हा दर सुट्टीला म्हणायचा, पुढच्या पोस्टिंगला फॅमिली क्वार्टर नक्की. म्हणून तिनं एक ट्रंक भरून ठेवली होती – नवी भांडी, दोन चादरी, डांबरगोळ्या. ती ट्रंक भरलेलीच राहिली, आणि मग एका पावसाळ्यात भांडी काढून तिनं तीत मटकी भरली. कुणाला सांगितलं नाही. वाट बघणं थांबलं ते त्या दिवशी. मग वेशीजवळ शिलाईचा गाळा, मग स्कूटर, मग विट्याच्या बाजारात स्वतः निवडलेलं अस्तर... संध्याकाळी मशीन झाकून उंबऱ्यावर बसावं, दिवा न लावता, पायाशी मांजर – आणि रात्री सगळ्या अंथरुणावर आडवंतिडवं पसरावं. हे सुख आहे, असं मनातसुद्धा म्हटलं नव्हतं कधी. नवरा लांब असताना बाईनं असं म्हणू नये.

गेल्या दिवाळीत तो कायमचा आला. मसाल्याचे डबे रांगेत लागले. आरशाची जागा बदलली. अंधारात उठून तो बूट पॉलिश करतो, अंगणात पहारा दिल्यासारख्या फेऱ्या मारतो, आणि त्याला कुठंही बसता येत नाही... कीव येते मला त्याची. रागावलेलं माणूस सुटतं. कीव आली की अडकतं.

जात्यावरची ती चाल, म्हातारी गुणगुणते ती, नकळत आत सुरू झाली होती आणि शब्द मात्र तिचे स्वतःचेच येत होते –

घराला लावली, कंथानं चाकं चार
उंबरा राहिला, कसं ओलांडू दार?

तेवढ्यात हायवेवरनं वारा आला आणि दार धाडकन लागलं. पल्लवीनं कडी ओढली. पुन्हा ओढली. खिडकीची काच सरकेना. छताला डोकं लागतंय, कोपर भिंतीला, मागं ती फळी, दोघांनी निजायची, कुशीवर वळायचं तर दुसऱ्याला विचारून – हाक मारावी, आवं, दार उघडा... आणि हात घाईघाईनं सगळीकडं फिरत असताना शेगडीखाली गेला, उचकटायला गेला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दाराशी नाही, चुलीशी झटतोय. ही उलथी घालता येत नव्हती. हिच्यापासून कुणालाच, कधीच, निघता येणार नव्हतं.

कडी वर उचलायची होती, एवढंच. उचलली. बोटभर फट, फटीतनं उजेड आणि अमृतचे चकाकणारे बूट, जरासे आत वळलेले.

तिनं दार पुन्हा ओढून घेतलं.

"काय गं, झालं का?"

"आसूंदे रं जरा," धोंडुबाईचा आवाज. "बसूंदे तिला."

गार फळीवर ती टेकली. पडद्याच्या मापासाठी बोटांनी आपणहून खिडकीला वीत लावली होती, एक वीत, दुसरी... आणि बोटं मध्येच मिटली. सकाळी निघताना दूध झाकलं, मांजराला भाकरी कुस्करली. दगड काही उलथा घातला नव्हता. जीव मागंच होता, आपल्या जागी, उंबऱ्यावर.

"न्हाई," ती कपाला म्हणाली. अगदी हळू, नव्या कापडावर पहिली कात्री लावताना श्वास धरावा तसं. बाहेर बूट करकरले. कप हलला – की तिचं बोटच पुन्हा त्याच्यावर टेकलं होतं?