सातचा फॉर्म

मीठ घातलं होतं का?

बिस्किटकाका ओट्यापाशी उभे राहून स्वतःला तिसऱ्यांदा हेच विचारत होते. पातेल्यात बटाट्याचं सूप रटरटत होतं आणि बाहेर टेबलाशी काकू, लेक आणि जावई चमचे हातात घेऊन बसले होते. सगळं कृतीबरहुकूम, ग्रॅममध्ये मोजून चाललं होतं, तेवढ्यात गॅसवाल्याचा फोन आला. आधी मीठ आणि मग फोन, की आधी फोन आणि मिठाचं राहूनच गेलं, हे काही केल्या आठवेना.

दुसऱ्या कुणीही अशा वेळी चाखून बघितलं असतं. काकांनीही बघितलं. चमचाभर सूप जिभेवर घेतलं, डोळे मिटले. गरम आहे, एवढं कळलं. त्यापलीकडे काही कळलं नाही.

त्यांनी मोजून दीड चमचा मीठ घातलं आणि ढवळलं.

काकांची सबंध नोकरी चव घेण्यात गेली होती. बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट खाऊन त्याला दहापैकी गुण देत. पाच किंवा कमी दिले की सबंध घाणा फेकायचा आणि वर चौकशीला तोंड द्यायचं. सात किंवा जास्त दिले की ‘कारण’ असा रकाना असलेला वेगळा फॉर्म भरायचा, तीन प्रतींत, कार्बन लावून. सहाला काहीच लागत नसे. पहिल्या आठवड्यात काकांनी सातचे दोन फॉर्म भरले. तिसऱ्या वेळी बोटं निळी झालेली बघून ते विचारात पडले. तिथून निवृत्तीपर्यंत कारखान्याचं प्रत्येक बिस्किट सहा होतं.

सवय घरीही आली. नवी नवरी असलेल्या काकूंनी विचारलं, “कसं झालंय?” काका म्हणाले, “सहा.” पुढे तो घरचा विनोदच झाला. लेकीने लग्न ठरवलं तेव्हा मुलगा कसा वाटला असं विचारल्यावरही काका सहाच म्हणाले होते. जावयाने तो आकडा कपावर छापून घेतला आणि त्यातून तो रोज चहा पितो.

अकरा वर्षांपूर्वी काका तापाने आठवडाभर पडले. ताप उतरला, पण जाताना चव घेऊन गेला. येईल चार दिवसांनी, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग महिना झाला, आणि महिनाभर चवीशिवाय चवीचा पगार घेतल्यावर सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? त्याच वर्षी त्यांना उत्कृष्ट परीक्षकाचं प्रमाणपत्र मिळालं. गुणांमधलं सातत्य वाखाणण्याजोगं आहे, असं त्यावर छापलं होतं.

निवृत्तीनंतर ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालू लागले, तेव्हा लेकीने बजावलं, “बाबा, काहीतरी छंद लावून घे, नाहीतर आई तरी घर सोडेल.” काकांनी पक्षी बघायला दुर्बीण आणली, तर समोरच्या बाईंनी जाड पडदे लावले. स्वतःशीच बुद्धिबळ खेळले आणि दोन्ही बाजूंनी हरले. माउथ ऑर्गन शिकायला घेतला, तर शेजारच्यांचा कुत्रा दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या कुटुंबात राहायला गेला. शेवटी स्वयंपाक. त्यात मापं असतात, वेळा असतात. जिभेवाचून निभेल, असं त्यांना वाटलं.

छंद खरा लागला तो काकूंना. आठवड्यातून तीन दिवस त्या मातीकामाच्या वर्गाला जात. पहिला वाडगा घरी आणला तेव्हा काकांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि सहा दिले. काकूंनी पुढचे वाडगे दाखवले नाहीत, नुसते फडताळात ठेवले. आज सूप त्यातच वाढलं होतं.

“सासरेबुवांच्या हातचं पहिलं जेवण,” जावई म्हणाला आणि त्याने मोठा घोट घेतला. मग तो हळूच उठून खिडकीपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला.

“काय रे, काय झालं?” लेकीने स्वतः चमचा तोंडात घातला. “बाबा! हे सूप आहे की समुद्र?”

काकांनी मान वर केली. त्यांचा वाडगा निम्मा रिकामा झाला होता.

“तू एवढं प्यायलास?” लेक जावयाकडे वळली. “हा मनुष्य बघ, शांतपणे पितोय.”

“परत केकच झाला हा,” जावई खिडकीतूनच म्हणाला, आणि दोघं हसत सुटले. तो केक म्हणजे घरातली मानाची गोष्ट. नऊ वर्षांपूर्वी, काकांच्या वाढदिवसाला, काकूंकडून केकमध्ये साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. पाहुण्यांनी तोंडं धुतली. काकांनी मात्र सबंध तुकडा खाऊन सहा गुण दिले होते. बायकोवरचं प्रेम ते हेच, असं तेव्हापासून सगळे पाहुणे सांगत.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी एक चमचा सूप चाखलं आणि काकांच्या वाडग्याकडे बघत राहिल्या.

शेवटी सगळ्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. लेक-जावई गेल्यावर काका वाडगे घासायला उभे राहिले. काकू शेजारी पुसायला.

“अगं, एक सांगायचं होतं.”

“चव लागत नाही, तेच ना?”

नळ चालू होता. काकांनी तो बंद केला.

“तुला कसं कळलं?”

“केकमध्ये मीठ मी मुद्दाम घातलं होतं.”

“मुद्दाम? का?”

“म्हटलं, निदान शिव्या तरी द्याल. तर म्हणे सहा. तेव्हा कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले.”

काकांना एकदम हलकं वाटलं. “म्हणजे बघ,” ते उत्साहाने म्हणाले, “तुझ्या स्वयंपाकाचा काही दोषच नव्हता. त्या तापापासून मला चवच नाही म्हटल्यावर सहाशिवाय काय देणार? मी उगीच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं.”

काकूंनी वाडगा आतून पुसला, बाहेरून पुसला.

“ही झाली अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या. “त्याआधीच्या वीस वर्षांचं काय?”

काकांनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं आणि ते खरंही होतं.

“सातला तीन प्रती लागायच्या,” ते म्हणाले.

“इथे कुठे लागत होत्या?”

काकूंनी फडकं वाळत घातलं आणि आत जाऊन त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

काकांनी खण उघडला. निवृत्तीच्या दिवशी कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा ते घरी घेऊन आले होते. त्यांच्या पाठीवर वाणसामानाच्या याद्या लिहिल्या जात. त्यांनी तीन कागद घेतले, मधे कार्बन घातला. गुण, सात. मग ‘कारण’ या रकान्यापाशी पेन अडलं. वीस वर्षांच्या जेवणांतली एक चव आठवायची होती आणि जिभेवर काही येत नव्हतं. बऱ्याच वेळाने आली. लग्नानंतरची पहिली खोली, एकच शेगडी, तव्यावरची अंडी. कडा करपलेल्या, वर मिरपूड. काकू पाणी आणायला गेल्या तेवढ्यात त्यांनी ताटली चाटून पुसली होती. काकू आल्या, कसं झालं म्हणाल्या, आणि ते सहा म्हणाले होते.

त्यांनी हे सगळं लिहिलं, ताटलीसकट. वरची प्रत टेबलावर काकूंच्या वाडग्याखाली ठेवली आणि ते फिरायला गेले.

परत आले तेव्हा काकू गॅलरीत कपडे काढत होत्या. कागद वाडग्याखालीच होता, पण पालथा. त्यावर काकूंच्या अक्षरात यादी होती. साबण, दूध, काड्यापेट्या, अंडी. मीठ लिहून खोडलं होतं.

काकांनी गॅलरीकडे पाहिलं. काकू चादरीची घडी घालत होत्या. त्यांनी तो कागद आणि पिशवी घेतली आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

दुकानदाराने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“काका, यातली कुठली बाजू बघायची?”

“मागची,” काका म्हणाले.