हाक न पोचणारे हेडफोन

तहसीनच्या सासरी माणसं चालत नसत, हाका मारत. पाय सगळ्यांचे धडधाकट, पण पाणी हवं असलं की बसल्या जागेवरून "तहसीन!", मोजा सापडेना की "भाभी!", आणि टीव्हीचा रिमोट स्वतःच्या मांडीखाली दाबून वर पुन्हा "अरी ओ तहसीन, रिमोट देखा क्या?" ती अहेरीच्या बाजारामागच्या त्या घरात, पुढच्या खोलीत मशीनवर अर्ध्या गावाची ब्लाऊजं शिवायची आणि दर दोन टाक्यांना उठायची. नवी नवरी असताना पहिल्या हाकेला उठली, झालं, घराला तीच सवय लागली.

तिला एक गाणं फार आवडायचं. जुनं, लांबलचक, तबला-सारंगीचं. ह्या घरात आल्यावर रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं, तेव्हाही मधूनच उठावं लागलं होतं. पुढे मोबाईल आला, त्यात ते गाणं आलं, पण शेवटचं कडवं काही तिच्या वाट्याला आलं नाही. पुढे सरकवून तेवढा शेवट ऐकता आला असता, हे काय तिला कळत नव्हतं? पण तसं चोरून ऐकायचं नव्हतं तिला. ऐकायचं तर सलग, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. एरवी मऊ मेणासारखी बाई, पण एवढ्या एका गोष्टीत हट्टाला पेटलेली.

त्यात इअरफोनची वायर मशीनच्या चाकात गुंतली. मोबाईल फरशीवर आपटला आणि इअरफोनचा डावा कान कायमचा मेला. आता सारंगीही गायब. शेवट नाही तो नाहीच, वर गाणंही अर्धंच! तहसीननं ती वायर कात्रीनं कचाकचा कापली आणि बाजाराच्या दिवशी शिलाईचे पैसे ओढणीत बांधून तडक दिनेशच्या मोबाईलच्या दुकानात गेली.

"बिनावायरचे दाखवा. कान झाकणारे," ती म्हणाली.

दिनेश खुलला. त्याला अशा गिऱ्हाइकापुढे भाषण ठोकायला फार आवडायचं. "हा घ्या ताई. याचा बास पाहा, छाती हलते!"

"मले छाती नाई हलवायची."

"बॅटरी तीस तास चालते."

"तीस तास मले कोन देऊन राह्यलं? एक गाणं चाललं म्हंजे झालं."

तिनं मोबाईल काउंटरवर ठेवला, हेडफोन चढवले आणि कांद्याच्या ढिगाला वळसा घालून भिंतीपलीकडे गेली. पुन्हा पडायला नको म्हणून घरी मोबाईल आता खिडकीत, मशीन भिंतीआड. भिंत आली आणि गाणं तुटलं. पहिला जोड बाद.

दुसरा भिंतीआडही वाजला. डाव्या कानात सारंगी, उजव्यात तबला, आणि मधोमध, कपाळाच्या आत कुठेतरी, गाणारीचा आवाज. तहसीन भर बाजारात खांबासारखी उभी राहिली. इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो मग? तिला रडू यायला लागलं आणि रागही आला. पण भुलली नाही. दुकानात येऊन तिनं सुईत दोरा ओवताना घालतात तशी मान खाली घातली, आणि हेडफोन सटकून काउंटरवर पडले.

"मान खाली घालून काम करनाऱ्या बाईले हे काय कामाचे?" ती म्हणाली. दिनेशनं पुढचं खोकं उघडलं.

तिसरा जोड मान खाली घातली तरी हलला नाही. भिंतीआड तुटला नाही. सारंगीही जागेवर. दिनेशनं हुश्श करून खोक्याकडे हात नेला.

"थांबा. खरी परीक्षा राह्यलीच," तहसीन म्हणाली. "मी गाणं लावतो. तुमी मले हाक मारा."

दिनेश बिचारा सभ्य माणूस. "ओ ताई," म्हणाला हळूच. त्याचे ओठ जेमतेम हललेले पाहून तहसीननं एक कान उचलला.

"हे काय? आमच्या घरी मारते तशी मारा, जोरात."

आता परक्या बाईच्या नावानं भर बाजारात कसं ओरडणार? दिनेश लाजून लाल झाला. रिचार्जसाठी आलेली गुणाबाई हे सगळं पाहत होती. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वांगी विकणारी बाई, बाजाराच्या ह्या टोकाला बसून त्या टोकाचं गिऱ्हाईक ओढणारी. "सर बाजूले," ती दिनेशला म्हणाली. "नाव काय वो बाईचं?"

आणि गुणाबाईनं हाक मारली. अरे बापरे! समोरचा चहावाला दचकला, दोन सायकली थांबल्या, एक कुत्रं उठून निघून गेलं. तहसीन मात्र दोन्ही कान झाकून, डोळे मिटून मान डोलवत होती.

"बाई घेते मंग हे," गुणाबाईनंच निकाल देऊन टाकला. "बांध रे."

घरी खोकं उघडल्याबरोबर सासू नूरीबीनं कपाळाला हात लावला. दीर शहबाज हसला. नवरा मुजफ्फर कूलर-पंखे दुरुस्त करायचा, त्याला यंत्रांचं कळायचं. त्यानं हेडफोन उलटेसुलटे करून पाहिले आणि बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"हे लावल्यावर आमचा आवाज येईन का तुले?"

"नाई."

"मंग घराले आग लागली तर?"

"आग लागली तर पयत या," तहसीन म्हणाली. "चहा पाह्यजे असन तर चालत या."

असं बोलणं त्या घरानं तिच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. खरं सांगायचं तर तिनंही ऐकलं नव्हतं. तरी तिनं हेडफोन मागितले नाहीत. मुजफ्फरच्या हातातून सरळ काढून घेतले.

मग तिनं एक ब्लाऊज मशीनच्या सुईखाली सरकवलं, गाणं लावलं आणि मान खाली घातली. आतून हाका आल्या असतील, नक्कीच आल्या असतील. तिला सारंगी ऐकू येत होती. दुसरं कडवं सरलं. एरवी इथेच कोणाला तरी तहान लागायची.

दाराचा पडदा हलला. बटण तुटलेला शर्ट नाचवत शहबाज उभा होता, तोंड हलत होतं. तहसीननं एक बोट वर केलं. थांब. त्याच्या मागून मुजफ्फर आला, तोही थांबला. मग गुडघा धरत नूरीबी आली आणि खाटेच्या कडेवर बसली. सगळं घर चालत तिच्यापर्यंत आलं होतं. तिचा पाय मशीनवरून आपोआप उचलला गेला, इतक्या वर्षांचा शिकलेला पाय तो. तिनं तो परत खाली दाबला.

आणि शेवटचं कडवं आलं. गाणारीनं आवाज एकदम खाली आणला, जणू समोर एकच माणूस बसलंय. मग तबला थांबला, सारंगी एकटी राहिली, आणि तीही हळूहळू थांबली. तहसीनच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही. पाहू दे त्यांना.

तिनं हेडफोनचा एक कान उचलला. "हां. बोला."

"बटन..." शहबाज पुटपुटला.

"सुई-दोरा त्या डब्यात आहे," ती म्हणाली. तिनं कान पुन्हा झाकला आणि गाणं पहिल्यापासून लावलं.