फाटकाची कुरकुर

मित्रांनो, मी जुनंबिनं काही नाही. मी एक नवंकोरं घर आहे, आणि त्या नवेपणाचा मला अस्सा कंटाळा आला होता म्हणून सांगू!

वॅरिन्डा गावात, गव्हाच्या कोठारांच्या सावलीत, आम्ही तिळी भावंडं भिंतीला भिंत लावून उभी आहोत. दोघांना माणसं मिळाली. मी तेवढा राहिलो. माझ्या भिंती ट्रकमधून आयत्या आल्या. त्यांना रंग लागत नाही, पत्रा गंजत नाही, अंगणातलं गवत प्लास्टिकचं. एक मॅगपाय पक्षी रोज सकाळी त्या गवतात चोच मारायचा, किड्याची वाट बघायचा आणि मग माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच त्याच्या बापाला फसवलंय.

समोर पाटी होती, ‘विकणे आहे. देखभाल शून्य.’ लोक वाचून खूश व्हायचे. मी मात्र उन्हात डोळे मिटून स्वप्नं बघायचो. कुणीतरी माझ्या दारात चिखलाचे बूट काढतंय. कुणी भिंतीत खिळा ठोकतंय आणि मला गुदगुल्या होतायत. डोळे उघडले की समोर पाटी.

शनिवारी घर बघायला उघडतात. त्या अर्ध्या तासात अर्धं गाव येतं, घ्यायचं नसलं तरी. कपाटं उघडतात, नळ सोडतात, शेजारणीच्या पडद्यांना नावं ठेवतात आणि जातात.

अशाच एका शनिवारी केल्विन आणि ग्लेनिस आले. दोघं सत्तरीपार, मेंढ्या पाळून म्हातारे झालेले. ग्लेनिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रानातल्या घराच्या पायऱ्या तिला चढवेनात. काठी टेकत ती माझ्या सपाट उंबऱ्यावरून अलगद आत आली आणि तिथंच थांबून हसली. त्या हसण्यावर मी खलास!

केल्विन मात्र टोपी हातात घेऊन, मयताला आल्यासारखा उभा.

“केल्विनकाका, इथं काडीचं काम नाही बघा,” एजंट ट्रॅव्हिस म्हणाला.

“मग मी करू काय? बसून मरू?”

“टीव्ही बघा की!”

“टीव्ही बघायला माझा कुत्रा आहे.”

ट्रॅव्हिसनं शोभेला मांडलेल्या पावाला लोणी फासत ग्लेनिस म्हणाली, “म्हाताऱ्या, त्या पायऱ्यांवरून एक दिवस पडेन मी. मग ने मला मेंढीसारखी ट्रकमध्ये टाकून.”

“कळतं गं मला. पण इथं मी महिन्यात वेडा होईन.”

“म्हणजे आत्ता शहाणा आहेस होय?” असं म्हणून ती कपड्यांची दोरी बघायला बाहेर गेली. डोळे भरले होते तिचे.

आता ही दोघं परत जाणार! मला धीर धरवेना. दुपारी पत्रा तापला की मी कडकड वाजतो. तशी एक जोरदार कडकड केली, सगळी ताकद लावली, आणि काय सांगू, बाजूचं फाटक बिजागरीतून निसटलं. कुर्रर्र... धाड!

ट्रॅव्हिस लालेलाल. “सॉरी काका! सोमवारी माणूस बोलावतो.”

“माणूस?” केल्विननं कान टवकारले. “फाटकाला माणूस?”

आमच्या भागात रानाचा एक नियम आहे. फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. पण मोडकं फाटक तसंच टाकून जाणारा शेतकरी अजून जन्मायचाय.

खिशातून तार निघाली, ट्रकमधून पक्कड आली. गुडघे टेकून तो तार पिळायला लागला. मित्रांनो, माझ्या अंगाला लागलेला तो पहिला मायेचा हात. मी पायापासून पत्र्यापर्यंत शहारलो.

“पावसाच्या पाण्याला टाकी नाही?” तो पुटपुटत होता. “सगळं गटारात? आणि हे गवत! शी! इथं टोमॅटो होतील की.”

“होतील ना,” ग्लेनिस हळूच म्हणाली. ट्रॅव्हिस शहाणा निघाला, त्यानं अलगद कागद पुढे केले.

आता माझ्याकडे टाकी आहे, टोमॅटो आहेत, आणि तो मॅगपाय खाऊन खाऊन गोल झालाय. अधूनमधून माझा एखादा नळ ठिबकतो, नाहीतर कडी निसटते. “म्हणे देखभाल शून्य! लुच्चं आहे लेकाचं!” असं म्हणत केल्विन शीळ घालत पक्कड शोधतो. मी आपला माझ्याच हुशारीवर खूश.

आज दुपारी केल्विन खुर्चीत घोरत होता, पायाशी कुत्रा, पडदे संथ श्वास घेत होते. मीही पेंगत होतो. तेवढ्यात ग्लेनिस लोणी लावायचा सुरा घेऊन दबक्या पावलांनी फाटकाशी आली. बिजागरीचा स्क्रू तिनं सुऱ्यानं सैल केला आणि सुरा खिशात टाकला. मग माझ्या भिंतीवर थोपटून कुजबुजली, “गप्प राहा हं, बाळा. त्या शनिवारी राहिलास तसाच.”

म्हणजे त्या शनिवारीही हिचाच सुरा! माझी ती कडकड नुसतीच कडकड होती!

तेव्हा मित्रांनो, बिनकामाचं घर कुणाला देऊ नका. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्या हाताला पुरेल इतकी एखादी बिजागरी सैल ठेवा. आणि केल्विनला यातलं काही बोलू नका. वारा सुटलाय, फाटक कुरकुरलंय, आणि तो उठतोय.