अंगठाबाबा आणि कीर्तनाचा ट्रक

बाबांनी अंगठा टेकवला आणि ट्रक शांत झाला.

तोवर तो हिवताप भरल्यासारखा थरथरत होता. मडगार्डवर ठेवलेला नारळ दोनदा घरंगळून खाली पडला होता. पण बाबांनी उघड्या बॉनेटात हात घालून अंगठा टेकवला, तसं इंजिन जेवून पडलेल्या माणसासारखं एका लयीत श्वास घेऊ लागलं. अंगठा उचलला की ट्रकला पुन्हा हिव, टेकवला की उतार.

पुरानी बस्तीतल्या मंदिरासमोर जमलेल्या दोनेकशे माणसांनी हात जोडले.

"देखा?" बाबा म्हणाले. "यंत्र में भी प्राण होता है, बच्चा. और प्राण की नाडी हमारे अंगूठे में है."

ट्रकची नाडी बाबांच्या अंगठ्यात कशी गेली, हे कोणी विचारलं नाही.

यशवंतरावांनीही नाही. खरं म्हणजे विचारायचं तर त्यांनीच, कारण ट्रक त्यांच्या कीर्तन मंडळाचा. तीस वर्षं रेल्वेत कारकुनी करून ते निवृत्त झालेले, कीर्तनात पेटी वाजवणारे. नामाचा गजर टिपेला गेला की त्यांचे डोळे भरून येत आणि ते पुसायचेही नाहीत. ट्रक लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा, वयानं त्यांच्या धाकट्या भावाएवढा. मागचा फाळका पाडला की कीर्तनाचा मंच तयार. रायपूर राजधानी झाल्यावरची ही पहिली रामनवमी. नव्या कचेऱ्यांमधून नागपूर-अमरावतीची कुटुंबं तेलीबांध्याला राहायला आली होती आणि त्यांनी हौसेनं कीर्तन मागितलं होतं. संध्याकाळी सहाला.

आता कार्बोरेटरविषयी. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवणारं ते भांडं पार झिजलं होतं. दुसरं घ्यायला यशवंतराव दयाराम मिस्त्रीला घेऊन भनपुरीच्या भंगार बाजारात गेले. तिथं दोन मिळाले, एक लहान आणि एक मोठा.

"छोटावाला लो, चाचाजी," दयाराम म्हणाला. "इंजन जितनी साँस लेता है, गला उतना ही चाहिए."

"राजधानी झाली आता, दयाराम. लहानसहान काय घेऊन राहिला?" म्हणत यशवंतरावांनी मोठा उचलला.

दयारामनं तो बसवला, आतली जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, बदलली, दोन दिवस स्क्रू फिरवत बसून इंजिन कसंबसं ठिकाणावर आणलं, आणि भाचीच्या लग्नाला धमतरीला निघून गेला. अष्टमीला यशवंतरावांनी कार्बोरेटर घासून लख्ख केला, त्याला हळदकुंकू वाहिलं. मंदिरासमोर चहाची टपरी चालवणारी मीराबाई कप घेऊन आली होती. ती सहज म्हणाली, "अब्बड सुघ्घर चमकत हे, कका!" म्हणजे फारच सुंदर चमकतोय, काका.

नवमीच्या सकाळी ट्रक थरथरू लागला. यशवंतरावांनी घाबरून स्क्रू इकडेतिकडे पिळला, त्यानं तो जास्तच थरथरला. तेवढ्यात बाबा प्रकट झाले. कोणी बोलावलं होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"कल इसकी तारीफ किसने की थी?" बाबांनी डोळे मिटून विचारलं.

दोनशे माना टपरीकडे वळल्या. मीराबाई विधवा, एकटी राहणारी. गर्दीतून एक शब्द फिरला, टोनही. म्हणजे इकडची चेटकीण.

बाबांचा निकाल तयार होता. सूर्य बुडायच्या आत बाईनं पारा, म्हणजे ही वस्ती, सोडायचा आणि ट्रक अकरा दिवस आश्रमात ठेवायचा. अंगठा तिथंच राहत असल्यामुळे. दोघा जणांनी मीराबाईची शेगडी उचलून हातगाडीवर चढवलीसुद्धा.

"मैं तो सुघ्घर हे कहेंव, कका," ती यशवंतरावांना म्हणाली. "अउ का कहेंव?"

यशवंतरावांना त्या क्षणी जरा बरं वाटलं होतं. नजर लागली असेल तर मोठ्या कार्बोरेटरचा दोष नाही, म्हणजे आपलाही नाही. ते बरं वाटणं पुढे कित्येक वर्षं त्यांना टोचत राहिलं.

मागून त्यांची बायको शारदाबाई कुजबुजल्या, "अहो, काहून गप्प उभे आहात? रोज त्या बाईच्या हातचा चहा पिता. बोला नं!"

"थांब जरा. ऐकून राहिलो."

ते खरंच ऐकत होते. बाबांनी अंगठा उचलला की खडखडाटाच्या खाली एक बारीक आवाज यायचा, सुस्सऽऽ. टेकवला की बंद. हा आवाज ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी ऐन उत्तररंगात त्यांच्या पेटीचा भाता फाटला होता, तेव्हा अस्साच. त्या भोकावर अंगठा दाबून त्यांनी सगळा उत्तररंग निभावला होता. तेव्हा त्यांना कोणी बाबा म्हटलं नव्हतं.

आणि मग त्यांना काळं बूच आठवलं. घासताना कार्बोरेटरच्या बुडाशी एक बारीक नळी दिसली होती, तिच्या तोंडावर रबराचं टोपण. पॅकिंगचं राहून गेलं असेल म्हणून त्यांनी ते उपटलं आणि, काही टाकून द्यायची सवय नसल्यानं, पेटीच्या खोक्यात ठेवलं.

म्हणजे चूक आपलीच. पण ते पुढे झाले.

"बाबा, जरा अंगठा दाखवा."

"भस्म हो जाओगे!"

"चालेल. रामनवमी आहे, दिवस चांगला आहे." त्यांनी बाबांचा हातच धरला. अंगठ्यावर नळीच्या तोंडाएवढा गोल लाल वळ होता. "कोणत्या गॅरेजात शिकलात?"

"भनपुरी में..." बाबा सवयीनं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

यशवंतरावांनी आपला अंगठा नळीवर ठेवला. आतून कातडी ओढली गेली. ट्रक शांत झाला.

"कका ला घलो सिद्धी मिल गे!" कोणीतरी ओरडलं. दोघे तर वाकलेसुद्धा.

"अरे उठा! कायची सिद्धी! मीराबाई, इकडे ये. पंख्यापासून पदर सांभाळ."

"उसको मत छूने दो!" बाबा किंचाळले. "इंजन फट जाएगा!"

गर्दी चार पावलं मागे सरकली. मीराबाईनं हात लुगड्याला पुसला आणि अंगठा टेकवला.

इंजिन फुटलं नाही. एका लयीत चालू लागलं. मीराबाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली आणि दोनशे माणसं तिच्याकडे. हातगाडीवाल्या दोघांनी शेगडी गुपचूप परत जागेवर ठेवली. घाईत उलटी ठेवली, मग सरळ केली. बाबा केव्हा निघाले, हे कोणी पाहिलं नाही. नारळ मात्र घेऊन गेले.

यशवंतरावांनी बूच आणून बसवलं. मग सकाळी बिघडवलेला स्क्रू हळूहळू आत फिरवला, इंजिन अडखळेपर्यंत. तिथून हलक्या हातानं बाहेर घेतला. तंबोऱ्याची तार लावताना ऐकतात तसे कान देऊन ऐकत राहिले आणि सूर लागला तिथं थांबले.

ट्रक वेळेवर तेलीबांध्याला पोचला. पूर्वरंग संपला. बुक्का लावण्याच्या मध्यंतरात कीर्तनकारबुवांनी यशवंतरावांना बोलायला सांगितलं. पुरानी बस्तीची माणसंही आली होती. ते फाळक्यावर उभे राहिले, हातात ते काळं बूच.

"मंडळी, इंजिन हवा ओढतं. या नळीतून फुकटची हवा आत शिरली की मिश्रण बिघडतं आणि इंजिन थरथरतं. भोक बुजवा, थांबतं. अंगठा साधूचा असो की चहावालीचा, भोकाले फरक पडत नाही. बूच मी काढलं. मोठा कार्बोरेटरही हट्टानं मीच आणला. दयाराम आला की लहान बसवू. ज्याले शंका असेल त्यानं उद्या मंदिरासमोर येऊन स्वतःचा अंगठा लावून पाहावा.

"चूक माझी होती आणि आज एका बाईचं घर उठत होतं. देवाले हात जोडा, मीही जोडतो. पण कोणाची शेगडी उचलायच्या आधी एकदा बॉनेट उघडून बघत जा."

मग ते खाली बसले, पेटी पुढे ओढली, सवयीनं भात्यावरून एकदा हात फिरवला आणि बुवांना सूर दिला.