किरणगुरूंचं चमकणारं विष

हॉलबाहेरच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात रुमालाखाली झाकलेली एक बाटली होती. आत काय आहे हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नव्हतं. हॉलमध्ये पडदे ओढलेले. व्यासपीठावर किरणगुरू एकेक बाटली जांभळ्या दिव्याखाली धरत, आणि आतली लघवी हिरवट-पिवळी लखलखली की हॉलभर 'आऽऽ' उमटे.

"पाहा! पेशीपेशीत दडलेलं विष! आमच्या शोधनगोळीनं ओढून काढलं. जेवढी चमक, तेवढी घाण!"

स्वतःच्या घाणीचा एवढा अभिमान दुसरीकडे कुठे मिळणार? एक निवृत्त साहेब शेजाऱ्याला सांगत होते, "माझी तुमच्यापेक्षा जास्त चमकली."

औषधांचं दुकान चालवणारी ताई धाकट्या बहिणीला सोबत म्हणून आली होती. धाकटीला सहावा महिना, अंगात रक्त कमी, जिना चढताना धाप. तरी तिनं डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, आणि ते काळं म्हणजे डॉक्टरांनी भरलेलं विष, असा गुरूंचा निर्वाळा होता.

"ताई, इथे काही बोलू नकोस हं."

"बरं," म्हणून ताई उठलीच. "गुरुजी, मलाही तपासायचंय!"

"बाटली आणलीत?"

"गोळी आणलीय. तुमचीच."

गुरूंनी तिला ओळखलं. "आमच्यामुळे दुकान बसलं, म्हणून यांच्या पोटात दुखतंय!"

"दुखतंय खरं. पण दुकानासाठी नाही, येणाऱ्या भाचरासाठी."

ती थेट व्यासपीठावर चढली. "तुमच्या पेल्यातलं पाणी घेते. की त्यातही विष आहे?"

गुरूंनी नुकताच त्यातला घोट घेतला होता. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. ताईनं आधी नुसतं पाणी दिव्याखाली धरलं. काही नाही. मग गोळी चुरडून टाकली, ढवळली, पुन्हा धरलं. पेला साहेबांच्या बाटलीपेक्षाही झकास पेटला.

"अगं बाई," मागून एक म्हातारी म्हणाली, "आजारी तर गोळीच आहे की!"

हॉल हसला. गुरू म्हणाले, "पाणी अशुद्ध आहे!"

"तुमचंच आहे," साहेब ओरडले. त्यांची चमक गेली होती, त्यामुळे ते विशेष चिडले होते.

ताई सांगू लागली, "या गोळीत बी-टू जीवनसत्त्व आहे. अशा दिव्याखाली चमकतं, तो त्याचा गुण. माणसाला दिवसाला दोन मिलिग्रॅमही पुरतं. हे गृहस्थ शंभर देतात. शरीर लागेल तेवढं घेतं, उरलेलं बाहेर टाकतं. तुम्ही विष नाही, यांची गोळीच बाटलीत घालून परत आणताय."

"आणि ते काळं?" धाकटीनं जागेवरूनच विचारलं.

"अंगात न मुरलेलं लोह. विष नव्हे. पोटात बाळ असताना लोह जास्त लागतं, आणि तुझ्यात ते आधीच कमी आहे. आज घरी गेल्यावर लोहाची गोळी घ्यायची."

"घेते. पण ताई, मोठ्यानं सांग. मागे माझ्यासारख्या आणखी दोघी बसल्यात."

गुरूंनी व्यासपीठावरचा माइक बंद केला. ताईचा आवाज तसाही दुकानात घडलेला होता.

"ऐका गं! कशाची किती गरज आहे ते रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून ठरतं, दिव्यानं नाही. कमी पडलं तर बाधतं, आणि काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर अंगात साठून बाधतात. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी नुसत्या पाण्यावर करून दाखवायला सांगा. आणि चिडला, तर दोनदा सांगा!"

कुणीतरी पडदे उघडले.