मुकुटासमोर थांबलेली गाडी

मित्रांनो, दोन ब्रेक असलेली गाडी तुम्ही कधी पाहिली आहे का? एक ब्रेक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी? पाहिली नसेल तर मला पाहा. मी गाडी शिकवण्याच्या शाळेतली एक म्हातारी गाडी आहे. रंग पांढरा होता, आता साधारण दुधावरच्या सायीसारखा झाला आहे. उजव्या दाराला पोचा आहे आणि मागच्या बंपरवर इतके ओरखडे आहेत की खरा रंग कुठला, हे मलाही सांगता येणार नाही.

कारखान्यात मी माझ्या बहिणींसारखीच होते. त्यांच्यातली कुणी डॉक्टरांकडे गेली, कुणी टॅक्सी झाली. मला मात्र एका गॅरेजात नेऊन हा दुसरा ब्रेक बसवला आणि डोक्यावर 'शिकाऊ चालक' असा फलक ठोकला. मला फार लाज वाटली. नवी कोरी गाडी आणि डोक्यावर पाटी! पण माझे मालक मला घ्यायला आले, त्यांनी रुमालाने तो फलक पुसला आणि म्हणाले, "चल बाई, आपल्याला पुष्कळ काम आहे." तेव्हापासून मी त्यांची झाले.

त्यांचं नाव एर्मीनियो. पण अमेरिकेतल्या आमच्या फॉल रिव्हर गावातले सगळे पोर्तुगीज त्यांना मेस्त्र म्हणत, म्हणजे गुरुजी. मेस्त्र पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी पिको बेटावरचे. तरुणपणी अमेरिकेत आले, इथेच लग्न झालं, इथेच नातवंडं झाली. आमचं गाव म्हणजे नदीकडे उतरणारे नुसते चढउतार. अशा चढावर मेस्त्रांनी माझ्यावर अर्ध्या गावाला गाडी शिकवली. मासळीच्या कारखान्यातल्या बायका शिकल्या, बेकरीवाले शिकले, एकदा तर पाद्रीबाबा शिकायला आले. खरं सांगते, पाद्रीबाबांइतकं बेफाम मला कुणीच चालवलं नाही. त्या महिनाभरात मेस्त्रांचा पाय आपल्या ब्रेकवरून हलला नाही. पण परीक्षेत पास झालेली माणसं माझ्या टपावर थाप मारून जात, कुणी गोड पावाचा तुकडा समोरच्या काचेपाशी ठेवून जाई, आणि मला वाटे, डॉक्टरांच्या दारातल्या बहिणीला हे सुख कुठून मिळणार?

मेस्त्रांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत, "माझ्या नावावर एक डाग नाही. गाडी अशी चालवायची." आणि ते खरंही होतं, त्या रविवारपर्यंत.

ईस्टर झाला की आमच्या पोर्तुगीज वस्तीत पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट दर आठवड्याला एकेका घरी मुक्कामाला जातो. ज्या घरी मुकुट असतो तिथे रोज संध्याकाळी प्रार्थना होते, आणि आल्यागेल्याला पुदिना घातलेल्या रश्शात भिजवलेला पाव मिळतो. रविवारी लोक मुकुट पुढच्या घरी पोचवतात. बेटावरची रीत अशी की मुकुट समोरून आला की माणसाने असेल तिथे थांबायचं, टोपी काढायची आणि गुडघे टेकायचे.

त्या रविवारी मेस्त्र एकटेच मला घेऊन घरी निघाले होते. सिग्नल हिरवा होता. तेवढ्यात समोरच्या कोपऱ्यावरून लाल निशाण आलं आणि त्यामागे तबकात मुकुट घेतलेली एक मुलगी. मेस्त्रांनी भर रस्त्यात माझं इंजिन बंद केलं, खाली उतरले, टोपी काढली आणि डांबरावर गुडघे टेकले. मागे बस होती, बसमागे पावाची गाडी होती. भोंग्यांनी कान किटले. मला तर रस्त्यात तोंड लपवायला जागा नव्हती.

पोलीस आला. तरुण होता, गावात नवा.

"गाडी बंद पडली का काका?"

"नाही."

"मग मधेच का थांबलात?"

"मुकुट जात होता."

"कसला मुकुट?"

तोवर निशाण, मुलगी, मुकुट सगळे पुढच्या गल्लीत वळले होते. पोलिसाने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मेस्त्रांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि देवाच्या बाबतीत घासाघीस नको म्हणून पुढे एक अक्षर बोलले नाहीत. वाहतूक अडवल्याची पावती फाटली. दंड त्यांनी त्याच आठवड्यात भरला आणि गावात कुणालाही सांगितलं नाही.

बरीच वर्षं गेली. पिकोवर मेस्त्रांची आई राहते. तिचा सांभाळ करणारा धाकटा मुलगा वारला आणि नव्वदीतली ती बाई घरात एकटी पडली. ती इकडे यायला तयार नव्हती. मेस्त्रांना तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं, महिनाभर नव्हे, तिला हवं तितकं. पण त्यांच्याजवळ अजून नुसतं ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. ते कार्ड घेऊन माणूस फार काळ बाहेर राहिला की परतीचं दार बंद होऊ शकतं, आणि दाराच्या आत बायको, मुलं, नातवंडं. नागरिकत्व मिळालं तर दोन्हीकडची माणसं राहणार होती. नाहीतर एकीकडचं कुणीतरी सुटणार होतं. माझ्या आत बसून मेस्त्र कितीदा स्वतःशीच म्हणाले असतील, "एकदा ते काम होऊ दे."

नागरिकत्वाचा अर्ज भरला तो माझ्यातच बसून, बेकरीसमोर, कारण घरी नातवंडं कागदाची होडी करतील अशी भीती होती. त्यांची बायको इदालिना आधीच नागरिक झालेली, त्यामुळे तिला सगळं ठाऊक. ती प्रश्न वाचत होती आणि ते उत्तरं सांगत होते.

"तुला कधी पोलिसांनी पकडलंय, अडकवून ठेवलंय किंवा पावती दिली आहे का?"

"नाही."

"नाही काय? ती पावती?"

"कुठली?"

"अरे, पँटचे गुडघे डांबराने काळे झाले होते, ते धुतले कुणी? मीच ना?"

मेस्त्र ताठ बसले. "तो गुन्हा नव्हता. तो नमस्कार होता. चोर, दारुडे जिथे लिहितात त्या रांगेत मी पवित्र आत्म्याला बसवणार नाही."

"पवित्र आत्म्याला कोण विचारतंय? पावती तुझ्या नावाची आहे!"

"लिही, नाही."

"तुझं नाक वर, म्हणून लिहायचं नाहीये तुला. सरळ सांग ना, गावात कळेल म्हणून."

"लिही म्हटलं ना!"

तिने लिहिलं, पण दार असं आपटलं की माझी काच थरथरली. माझ्यावर कशाला राग, मी काय केलं होतं? मनातून मी मात्र इदालिनाच्याच बाजूची होते. मी तिथे होते. पावती मी डोळ्यांनी पाहिली होती.

काही महिन्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याच सुमारास इदालिना बेकरीतून बातमी घेऊन आली. तिथल्या बाईच्या भाच्याचा अर्ज अडकला होता. "पावतीपायी नाही, लपवली त्यापायी," ती म्हणाली. "पावतीचं काहीच नव्हतं रे, क्षुल्लक होती. पण शपथेवर नाही म्हणाला आणि त्यांच्या यंत्रात निघाली. आता तो खोटारडा ठरला. तुझं असं झालं तर तुझ्या माईला काय सांगशील?"

त्या रात्री मला कुलूप लावलं का नाही, हे पाहायला मेस्त्र दोनदा बाहेर आले. कुलूप पहिल्यांदाच नीट लागलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोना ओलिंदाची, म्हणजे ओलिंदाबाईंची, शिकवणी होती. ही साठीची विधवा. नवऱ्याने जन्मभर तिला चाकाला हात लावू दिला नाही. तो गेला आणि वर्षश्राद्धाची प्रार्थना झाली त्याच आठवड्यात ती मेस्त्रांकडे आली, "मला शिकवा," म्हणून. शिकायची फार हौस, पण वाटेत चर्च, क्रूस, मूर्ती काहीही दिसलं की हात चाकावरून उठून कपाळाकडे जाई. त्या दिवशी ती मला हळूहळू मागे घेत होती. गल्लीच्या टोकाला चर्चचा मनोरा दिसला, हात उठला आणि मी मागच्या अंगाने शेजारच्या अंगणातल्या द्राक्षांच्या मांडवावर गेले. खांब आडवा झाला. बंपरवर आणखी एक ओरखडा, पण माझं कोण विचारतो?

दोना ओलिंदाने इकडेतिकडे पाहिलं. "चला मेस्त्र, पटकन निघू. कुणी पाहिलं नाही. वाऱ्याने पडला म्हणतील."

मेस्त्रांनी आपला ब्रेक दाबून धरला. "उतरा. दार वाजवा आणि सांगा."

"काय सांगू? मी काय वाईट करत होते? मी क्रूसाची खूण करत होते! तो काय गुन्हा आहे?"

"गुन्हा कोण म्हणतंय दोना ओलिंदा? देवाला नमस्कार केलात, तो देवाला पोचला. खांब पडला, तो शेजाऱ्याचा. विचारलं तर दोन्ही सांगायचं. त्यात देवाचा काय अपमान?"

हे बोलले आणि मेस्त्रांचं तोंड उघडंच राहिलं. दोना ओलिंदा कुरकुरत उतरली, दार वाजवलं, आत गेली. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात शेजाऱ्याने दिलेली घरच्या वाइनची बाटली होती आणि मेस्त्र अजून तसेच, ब्रेकवर पाय ठेवून, समोर बघत बसले होते. "मेस्त्र," ती म्हणाली, "खांब तसाही कुजला होता म्हणे. तुम्हाला काय झालं?"

"काही नाही," मेस्त्र म्हणाले. "आज मीही शिकलो थोडंसं."

दुसऱ्या दिवशी इदालिनाने मला चालवलं, किल्ली मेस्त्रांनीच तिच्या हातात दिली. दोघं कचेरीत गेली आणि मी बाहेर गाड्यांच्या रांगेत उभी राहिले. मित्रांनो, वाट पाहायची मला सवय आहे, पण त्या सकाळी माझ्या टाकीतलं पेट्रोलसुद्धा गार पडलं होतं. मेस्त्र परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. ते शिकवायच्या जागेवर बसले आणि इदालिना चाकाशी.

"आता बोलशील का?" ती म्हणाली. "मला बाहेर बसवून ठेवलं त्यांनी."

"पोरगी होती गं समोर. आपल्या मुलीएवढी. हात वर करून शपथ दिली. मी म्हटलं, बाई, पुढे जाण्याआधी एक दुरुस्त करायचं आहे. मला एक पावती मिळाली होती. ती म्हणाली, कशाबद्दल? म्हटलं, रस्त्यात गुडघे टेकले म्हणून."

"अगं बाई! मग?"

"तिने पेन खाली ठेवलं. सगळं विचारलं. सिग्नल कुठला, मुकुट कसला, दंड भरला का. भरला म्हटलं. तिने 'नाही' खोडून 'हो' केलं, माझी सही घेतली आणि विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, आणखी एकच. पुन्हा मुकुट आला तर मी पुन्हा गुडघे टेकीन, तेही लिहून घ्या."

"तुझं डोकं फिरलंय का?"

"ती म्हणाली, त्याला इथे जागा नाही. पण काका, पुढच्या वेळी गाडी आधी कडेला घ्या." मेस्त्रांनी कपाळावर हात मारला. "मला! मला सांगते, गाडी कडेला घ्या! जन्मभर मी लोकांना दुसरं काय शिकवलं?"

इदालिना हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत तिने विचारलं, "पण पास का नापास?"

"पास. शपथविधी तेवढा राहिलाय."

तिने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. हे आधी सांगायचं सोडून मुकुटाची कथा कसली लावलीस, म्हणून. मग दोघंही रडली. मलाही फार भरून आलं, पण मला पाणी येतं ते फक्त रेडिएटरमधून.

घरी जाण्याआधी मेस्त्रांनी तिथूनच आईला फोन लावला. माईला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळी रांग ऐकेल एवढ्या मोठ्याने.

"माय, मी येतोय!"

"ये. परत कधी जाणार?" मुलगा येतो म्हणाला की माईचा हाच प्रश्न पहिला असे.

"ठरवलं नाही."

"ठरवलं नाही म्हणजे काय? तिकीट नाही का काढलं परतीचं?"

"नाही काढलं. तू कंटाळशील तोवर राहणार."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मेस्त्र घाबरले, "माय? माय?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "मग यंदा बटाटे जास्त लावायला हवेत."

शपथविधी झाला, मेस्त्र पिकोला गेले आणि मी अंगणात राहिले. त्या हिवाळ्यात माझ्यावर गुडघाभर बर्फ साचलं, बॅटरी मेली, सीटखाली उंदरांनी बिऱ्हाड केलं. एक माणूस येऊन मला भंगाराच्या भावाने मागून गेला. वाईट वाटलं, पण मेस्त्रांवर राग नाही आला. ते जिथे होते तिथेच त्यांनी असायला हवं होतं. बर्फ वितळल्यावर दोना ओलिंदा आली, हातात नवा परवाना. तिने मला विकत घेतलं, उंदरांना हाकललं आणि चर्च दिसलं की आता ती आधी मला कडेला घेते. तिच्याच बाजूला बसून इदालिना उन्हाळ्यात पिकोला जायला विमानतळावर गेली. तिथली खबर ती दोना ओलिंदाला फोनवर सांगते, तेव्हा मला कळते.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना बोलता येत नाही, पण आमच्या आत बसून माणसं जे ठरवतात ते सगळं ऐकू येतं. तेव्हा तुमच्या दारात एखादी म्हातारी गाडी असेल तर तिचं तेल वेळेवर बदला, थंडीत अधूनमधून तिचं इंजिन सुरू करा, आणि कुणी तिला भंगार म्हटलं तर तिच्यासमोर तरी म्हणू देऊ नका. आणि कधी एखाद्या कागदावर 'हो' लिहायचं जिवावर आलं, तर लिहून टाका. माझ्या मेस्त्रांनी लिहिलं, आणि आज पिको बेटावर एक म्हातारी सकाळपासून मुलाच्या नावाने हाका मारमारून दमते आहे, कारण तो शेतात आहे आणि जेवण गार होत चाललं आहे.